गाणं मधेच थांबवा आणि विचारा, ‘किती झाले?’

प्रश्न : मी मानखुर्दला वस्तीतल्या एका बालवाडीत शिकवते. खोली छोटी, वर पत्रा, मुलं वीस-बावीस, वय तीन ते पाच, अर्धी घरी हिंदी बोलणारी. मी रोज आकड्यांची गाणी अॅक्शन करत घेते, मुलांना खूप आवडतात, एक ते पन्नास सगळी एका सुरात म्हणतात. पण परवा एका मुलीला म्हटलं बाटलीची तीन झाकणं दे, तर तिने ओंजळभर आणून दिली आणि आणखी दोघातिघांनी तेच केलं. पालक म्हणतात ताई नुसती नाचगाणी घेतात, वहीत काही दिसत नाही, शेजारच्या ट्यूशनमधली मुलं शंभरपर्यंत लिहितात. सुपरव्हायजर मॅडमनीही विचारलं. आता मलाच शंका यायला लागलीय, गाण्यांनी मोजणी येते का, की मी टाइमपास करतेय? गाण्यांचा व्हिडिओंचा संच आणि स्पीकर घ्यायचा विचार आहे, घेऊ का?
– बालवाडीची ताई, मानखुर्द

ताई, टाइमपास अजिबात करत नाहीयात तुम्ही, हे पहिलं सांगते. आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट कोणती म्हणाल तर ती ओंजळभर झाकणं. वर्षवर्ष शिकवणाऱ्या कितीतरी जणी मुलांना ‘म्हण’ म्हणतात पण ‘दे’ कधी म्हणतच नाहीत, त्यामुळे त्यांना पत्ताच लागत नाही की मुलाला आकडे येतायत की मोजायला येतंय. तुम्ही ‘दे’ म्हणालात म्हणून तुम्हाला कळलं.

एक ते पन्नास म्हणणं आणि मोजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गणपतीत तीन वर्षांचं पोर मोठ्यांबरोबर अख्खी आरती म्हणतं, टाळ्यांसकट, एक शब्द चुकत नाही, पण अर्थ विचारला तर काय सांगणार, तसंच हे. एक-दोन-तीन-चार ही त्याच्यासाठी शब्दांची एक लांबलचक माळ आहे, म्हणायला मजा येते म्हणून म्हणतं. ‘तीन’ म्हणजे नेमके इतकेच, दोनपेक्षा एक जास्त आणि चारपेक्षा एक कमी, हे त्या माळेतून आपोआप कळत नाही.

आणि त्या मुलीचं काही चुकलेलं नाही बरं का. कॅरन विन नावाच्या संशोधक बाईंनी १९९० साली लहान मुलांबरोबर अगदी हेच करून पाहिलं होतं, समोर खेळण्यांचा ढीग आणि ‘मला इतकी दे’. त्यांना दिसलं की दहापर्यंत छान म्हणणारी मुलंही ‘एक’ मागितलं तर एक देतात, आणि बाकी काहीही मागितलं की मूठभर उचलून देतात. पुढे काही महिन्यांनी ‘दोन’ बरोबर द्यायला लागतात, आणखी काही महिन्यांनी ‘तीन’. आणि मग साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास (कोणी लवकर, कोणी उशिरा) डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडतो की अरे, मोजताना जो शेवटचा आकडा म्हणतो तोच ‘किती’चं उत्तर असतो. त्यानंतर पाच मागा, सात मागा, मोजून देतात. म्हणजे तुमची मुलगी वाटेवरच आहे, फक्त कुठल्या टप्प्यावर आहे ते तुम्हाला आता माहीत झालंय.

आता गाण्यांचं. गाणं क्रम पाठ करून देतं, आणि त्याच्यासारखं दुसरं काहीही ते काम करत नाही, लाजरं मूलही सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणतं, आणि क्रम पक्का असल्याशिवाय मोजणी येणारच नाही त्यामुळे गाणी बंद करू नका. पण गाणं एका दमात सुरू होऊन एका दमात संपलं तर मोजणी होत नाही, क्रमच फिरत राहतो. आणि अॅक्शनचंही तसंच. मुलं हात हलवतायत, कंबर हलवतायत, गोल फिरतायत, आणि तोंडाने आकडे चाललेत, पण हाताचा आणि आकड्याचा काही संबंधच नाही. मोजणी तेव्हा होते जेव्हा एका आकड्याला एकच कृती असते, एक म्हटलं की एक उडी, दोन म्हटलं की दुसरी, आकडा आणि शरीर बरोबर पडले पाहिजेत, मधे काही सुटता कामा नये आणि काही दोनदा होता कामा नये.

उद्याच एक करून बघा. मुलांना गोल बसवा आणि एक ते दहा टाळ्या वाजवत म्हणायला सांगा, आणि तुम्ही गाऊ नका, फक्त हात बघा. पाचपर्यंत ठीक चालेल. सहाला काही मुलं दोन टाळ्या वाजवतील, ‘स’ला एक आणि ‘हा’ला एक. नऊला परत, दहाला परत. कारण एक, दोन, तीन, चार, पाच हे तोंडात एका झटक्यात येतात आणि सहा, नऊ, दहा दोन झटक्यांत, मुलं आकड्याला टाळी देत नसतात, आवाजाच्या झटक्याला देत असतात. हे जिथे दिसेल तिथे ओरडायचं नाही, टाळीऐवजी मोठी हालचाल द्यायची. उडी मारायला वेळ लागतो ना, ‘सहा’ पूर्ण म्हणेपर्यंत एकच उडी होते. म्हणून तर पाय हाताच्या आधी. बोटाने वस्तू दाखवत मोजताना बोट सुसाट पुढे जातं आणि तोंड मागे राहतं नाहीतर उलटं, पण पाऊल टाकताना शरीरच त्याला सावकाश करतं.

मग गाणं मधेच थांबवा. हे मी परत परत सांगेन कारण सगळा खेळ इथेच आहे. एक, दोन, तीन, चार म्हणत चार पावलं टाकली, थांबा, सगळे पुतळे. ‘किती पावलं टाकली?’ काही मुलं परत एकपासून मोजायला लागतील, एक दोन तीन चार, तुम्ही परत विचारलं किती, तर परत एकपासून. चिडू नका, त्यांना वाटतं ‘किती’ म्हणजे ‘मोज’. तुम्ही स्वतः हात पसरून सगळं कवेत घेतल्यासारखं करा आणि म्हणा, ‘एक, दोन, तीन, चार… चार पावलं!’ तो शेवटचा चार वेगळ्या आवाजात, थोडा ठासून. रोज प्रत्येक मोजणीच्या शेवटी हे व्हायलाच पाहिजे. पाचच्या पुढे जायची घाई नको, पहिले दोन आठवडे तीन आणि चारवरच खेळा.

पुढची पायरी जमिनीवर खडूने. भिंतीच्या कडेने सरळ रेषेत दहा चौकोन काढा, सगळे सारख्या मापाचे, डावीकडून उजवीकडे, एक ते दहा लिहा. लंगडीपाणीचा वाकडातिकडा पट नको, सरळच हवा, का ते सांगते. २००८ साली अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी गरीब घरातल्या बालवाडीच्या मुलांना असाच एक ते दहाचा सरळ पट खेळायला दिला, एकदोन घरं पुढे जायचं एवढाच खेळ, पंधरा-वीस मिनिटांची चारेक सत्रं दोन आठवड्यांत. तेवढ्यात मुलांची आकड्यांची समज चांगली वाढली, कुठला आकडा मोठा, कुठला लहान हे सांगता यायला लागलं. दुसऱ्या मुलांना तसाच पट पण आकड्यांऐवजी रंगांचा दिला, त्यांच्यात हा फरक पडला नाही. पुढे गोल पट देऊनही बघितला, तर सरळ पटाचा फायदा जास्त दिसला. त्यांचा पट टेबलावरचा होता, तुमचा जमिनीवरचा आणि सोंगटी म्हणजे मूल स्वतः.

फासा विकत आणू नका. बाटलीची दोन झाकणं उडवायची. एक उताणं पडलं तर एक घर, दोन्ही उताणी पडली तर दोन, दोन्ही पालथी पडली तर शून्य, जागेवरच उभं राहायचं. (आपल्या आज्ज्या चिंचोके फोडून त्यांचे फासे करायच्या, काळी बाजू पांढरी बाजू, तेच हे.) शून्य म्हणजे काय ते तुम्हाला वेगळं शिकवायलाच लागणार नाही, जागेवर उभं राहिलेलं पोर तोंड वाकडं करून स्वतःच सांगेल. आणि एक गोष्ट फार म्हणजे फार महत्त्वाची, मूल तीनच्या घरात उभं आहे आणि दोन पडले, तर उडी मारताना ‘एक, दोन’ म्हणायचं नाही, ‘चार, पाच’ म्हणायचं. सुरुवातीला सगळी एक दोनच म्हणतील, तुम्ही बरोबर म्हणत राहा, हळूहळू येतं. बेरजेची सुरुवात तिथूनच होते, तीनच्या पुढे मोजणं.

उलटं मोजायचं एक गाणं खाली देते, मीच जुळवलंय, चाल तुम्हाला जमेल ती लावा.

पाच गरम वडे, कढई तडतडे,
एक गेला आज्जीकडे, उरले किती वडे?

मग ‘चार गरम वडे’, एक बाबांकडे, एक ताईकडे, एक दादाकडे, आणि शेवटचा ‘माझ्याकडे’, तो ज्याच्या हातात येतो त्याचा आनंद बघाच. वडे म्हणजे वर्तमानपत्राचे चुरगाळलेले गोळे, पाच मुलं वडे घेऊन उभी, एकेकाने उड्या मारत जाऊन ज्याला द्यायचाय त्याला द्यायचा. ‘उरले किती वडे’ म्हटल्यावर थांबा. उत्तर तुम्ही गाऊ नका. मनात सावकाश पाच मोजा आणि गप्प राहा, तेवढ्यात कोणीतरी मोजतं, कोणीतरी बोटं बघतं, कोणीतरी अंदाजाने ओरडतं. चुकीचं उत्तर आलं तर ‘चल, बघूया’ म्हणून वडे मोजा. मुलं सरावली की वडे टोपलीखाली झाकून हेच गाणं घ्या, आता दिसत नाहीत, डोक्यात धरायला लागतं. झाकणं, गोळे असंच मोठं काहीतरी वापरा, चिंचोके मणी तीन वर्षांच्या पोरांच्या हातात नको, नाकात घालतात.

जागेचं म्हणाल तर मला तुमची खोली न बघताही कळतंय. बावीस मुलं एकदम उड्या मारायला लागली तर कोणाचा तरी दात पडायचा, वर एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली जिवाची काहिली. म्हणून अर्धी अर्धी. अर्धी पटावर, अर्धी भिंतीला टेकून बसलेली आणि त्यांनी मांडीवर थापटी मारत मोजून द्यायचं, पटावरच्याने चूक केली तर पकडायचं, बसलेली मुलंच जास्त शिकतात कधीकधी. उकाड्यात उड्या बंद, उठा-बसा पण नको, टाचा वर-खाली, मान डावी-उजवी, बोटं उघडायची. दहा मिनिटं पुरे. पाऊण तास मोजणी घेतली तर मुलं कंटाळतात आणि तुम्हीही.

ज्या मुलाला उड्या मारता येत नाहीत, किंवा जे बोलतच नाही, त्याला बाजूला बसवून ठेवू नका. रिकामा पत्र्याचा डबा त्याच्या हातात द्या आणि नाकात जाणार नाहीत असे मोठे खडे. बाकी सगळ्यांनी डोळे मिटायचे, तो एकेक खडा टाकणार, टण्… टण्… टण्, आणि सगळ्यांनी मनात मोजून बोटं दाखवायची. हा खेळ तुम्ही करून बघाच, बावीस मुलांची खोली इतकी शांत होते की बाहेरचे लोक डोकावून जातात. आणि जे मूल बोलत नाही ते त्या वेळी अख्ख्या वर्गाला मोजायला लावत असतं, आणि गंमत म्हणजे दिसत नाही, हातात धरता येत नाही अशी गोष्टही मोजता येते हे मुलांना इथेच कळतं.

भाषेची काळजी करू नका. एक, तीन, चार, सात, आठ हे हिंदी-मराठीत तेच, बाकीचे थोडे इकडेतिकडे. दहापर्यंत दोन्ही भाषांत म्हणू दे, एक दिवस मराठीत उड्या, एक दिवस हिंदीत. तीनची समज एकदा आली की ती दोन्ही भाषांत आली. आपल्याकडे विटीदांडूत पोरं विटीपासून खड्ड्यापर्यंत दांडूने जमीन मोजत यायची, वकट, लेंड, मूंड, नाल, हे शब्द तेलुगूतल्या आकड्यांच्या जवळचे, पण कोणाचं काही अडलं नाही, कारण एका शब्दाला एक दांडू हे पक्कं होतं.

दहाच्या पुढचं मात्र वेगळं आहे. आपले अकरा ते नव्व्याण्णव जवळपास सगळे वेगवेगळे पाठ करावे लागतात, आणि एकोणतीस ऐकून पोराला वाटतं विसाच्या घरातला कसा असेल, नावात तर तीस ऐकू येतंय. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘बावन्न’बरोबर ‘पन्नास दोन’ असं वाचन आणलं तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना, त्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या आणि त्यांचं म्हणणं हेच होतं की जोडाक्षरांचे आणि उलट क्रमाचे हे शब्द मुलांना जड जातात. त्यावर कोणाचं काहीही मत असो, पण दुसरीच्या मुलांनाही जे जड जातं ते साडेतीन वर्षांच्या पोराने पन्नासपर्यंत घोकावं ही अपेक्षा आपण सोडून देऊया. म्हणत असतील तर म्हणू दे, गाणं आहे ते, पण शिकवायचं दहापर्यंतच.

आणि हे पालकांना सांगताना तुमच्या हातात सरकारी आधार आहे, तो वापरा. २०२१ च्या जुलैमध्ये सुरू झालेल्या निपुण भारत मोहिमेत बालवाटिकेसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्षासाठी, अंक ओळखण्या-वाचण्याचं उद्दिष्ट दहापर्यंतचंच आहे. शंभर नाही, दहा. २०२२ चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते सहा वयासाठी खेळ, गाणी, हालचाल यांतूनच शिकवायला सांगतो, या वयाला पाठ्यपुस्तकसुद्धा नको म्हणतो. सुपरव्हायजर मॅडमना हे माहीत असेलच, तरी तुमच्या तोंडून आलं की बरं असतं. आणि हे काही आजचं नवीन फॅड नाही हो, आपल्याच बाजूला बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र काढलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर, आणि पुढे कोसबाडला त्यांनी वारली पाड्यांवर जाऊन, झाडाखाली, शंख-शिंपले-पानं-बिया घेऊन मुलांना शिकवलं. हातात होतं तेच साहित्य, आणि गाणी. आजच्या अंगणवाडीची वाट तिथूनच निघाली.

पण पालकांना नुसतं सांगून पटत नाही, आणि मी त्यांना दोष देणार नाही. दिवसभर राबून पोराला शिकवायचं म्हणून पाठवतात, वही कोरी दिसली की जीव खालीवर होतो. त्यामुळे त्यांना दाखवा. सुटायच्या वेळी आया दारात उभ्या असतातच, पाच मिनिटं आत बोलवा आणि त्यांच्यासमोर वड्यांचं गाणं घ्या, वडा नेऊन द्यायचा तो त्यांच्याकडेच. मग ट्यूशनला जाणाऱ्या एखाद्या मुलाला, त्याला अजिबात हिणवायचं नाही हं, सगळ्यांबरोबरच विचारायचं, मला पाच झाकणं देतोस का? आयांना आपोआप दिसतं. आणि घरी एक काम द्या, संध्याकाळी ताटल्या मांडताना मुलाला विचारायचं आज जेवायला किती जण, तितक्या ताटल्या आण. पाव आणायला पाठवतात तेव्हा पिशवीतले पाव त्याच्याकडून मोजून घ्यायचे. वही नको, पैसे नकोत.

लिहिणं पण येऊ दे ना, कोणी नाही म्हटलंय, पण आधी जमिनीवर खडूने मोठ्ठा चार काढून त्यावरून चालायचं, मग हवेत बोटाने, मग ताटलीतल्या रेतीत, आणि बोटं तयार झाली की पाटी.

वहीत काही दिसत नाही म्हणतात ना, तर वही तुम्ही करा. एक दोनशे पानी घ्या, प्रत्येक मुलाला एक पान, महिन्यातून एकदा एकेकाला जवळ बोलवून ‘एक दे, दोन दे, तीन दे’ विचारायचं आणि कुठपर्यंत बरोबर दिलं ते तारखेसह लिहायचं. सगळ्यांसमोर नाही, कोपऱ्यात, खेळासारखं. ‘जूनमध्ये एक, ऑगस्टमध्ये दोन, नोव्हेंबरमध्ये पाच’ असं पान सुपरव्हायजर मॅडमपुढे ठेवलंत तर शंभरपर्यंत लिहिलेल्या वहीपेक्षा त्यांना जास्त कळेल. आणि तुम्हालाही कळेल कोणाबरोबर दोनवर खेळायचं आणि कोणाला पुढे न्यायचं, कारण बावीस जणांना एकच आकडा देऊन चालत नाही.

व्हिडिओंचा संच आणि स्पीकर नका घेऊ. व्हिडिओ भरभर पळतो, मुलाचा हात मागे राहतो, आणि तो पाच मोजेपर्यंत गाणं नऊवर गेलेलं असतं, पोर नुसतं बघत बसतं. मुख्य म्हणजे स्पीकर थांबून ‘किती झाले?’ विचारत नाही, तुम्ही विचारता. आवाज गोड नसला तरी चालतो, मुलांना फरक पडत नाही. त्या पैशात खडूचे दोन-तीन डबे घ्या, आणि कोपऱ्यावरच्या टपरीवाल्याला सांगून ठेवा, थंड्याच्या बाटल्यांची झाकणं तो फुकटच देईल, घरी आणून गरम पाण्यात साबणाने धुवून वाळवून घ्या, धारदार कडेची पत्र्याची असतील ती टाकून द्या आणि प्लास्टिकची तेवढी ठेवा.